नौबहार : वसंत नव्हे, विहार

उर्दूत ‘बहार’ आणि ‘बिहार’ हे शब्द एकाच अक्षरांनी लिहिले जातात. त्यामुळे वर्गात बल्खच्या ‘नौबहार’चा उल्लेख आला की मुले चटकन अर्थ सांगतात : नवा वसंत. आम्हीही बरीच वर्षे तोच अर्थ सांगत आलो. पण मूळ शब्द आहे ‘नवविहार’, म्हणजे नवा विहार. ते बौद्धांचे तीर्थस्थान होते.

बल्ख आजच्या उत्तर अफगाणिस्तानात आहे. इ. स. 630 च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग तेथे आला. त्याच्या नोंदीप्रमाणे शहरात सुमारे 100 विहार व 3000 भिक्षू होते. नवविहारात बुद्धाचे हातपाय धुण्याचे भांडे, एक दात आणि रत्नजडित मुठीची केरसुणी जपून ठेवली होती. महिन्यातल्या सहा व्रतदिवशी या वस्तू बाहेर काढीत आणि भिक्षू व संसारी माणसे मिळून त्यांची पूजा करीत. बोधगयेपासून इतक्या दूर राहणाऱ्या भाविकाला त्या साध्या केरसुणीचे मोल किती वाटत असेल!

पुढे इब्न अल-फकीह या मुसलमान भूगोलकाराने या मंदिराचा उंच घुमट, रेशमी आच्छादने आणि भोवतालचे 360 हुजरे यांचे वर्णन केले. चीनचे आणि काबूलचे राजे येथे येत, असे तो लिहितो. मंदिराचा मान सांगताना तो मक्केच्या काबागृहाशी तुलना करतो. मात्र अरबांच्या स्वारीत नौबहार उद्ध्वस्त झाले, हेही बलाजुरी या मुसलमान इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. त्याने ते लपवले नाही. आम्ही का लपवावे?

मंदिराच्या मुख्य पुजाऱ्याला ‘बरमक’ म्हणत. हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’वरून आला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच घराण्यातला खालिद इस्लाममध्ये आला आणि अब्बासी दरबारात मोठ्या पदाला चढला. खालिदचा मुलगा यह्या 786 मध्ये हारून रशीदचा वजीर झाला. त्याच्याच हुकमावरून मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताच्या ग्रंथाचा अरबी तर्जुमा केला. ‘अलिफ लैला’तला जाफर वजीर तो या यह्याचाच मुलगा. 803 मध्ये हारूनने त्याला ठार केले आणि घराण्याचे वैभव संपले.

2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवल्या गेल्या, तेव्हा आमच्याकडे अनेकांना ते परक्यांचे दुःख वाटले. ज्या जाफरच्या गोष्टी आपण घरोघरी सांगतो, त्याचे पूर्वज बुद्धाच्या मंदिराचे रखवालदार होते, हे माहीत असते तर तसे वाटले नसते. आता आम्ही फळ्यावर ‘नौबहार’ लिहितो, तेव्हा ‘बे’ला जबर देतो आणि जेरही देतो. मग मुलांना दोन्ही वाचायला सांगतो.