रॉकेटच्या पंखांचे संरेखन

रॉकेटच्या बुडाशी बसवलेले पंख नळीच्या आसाला समांतर, तिच्या पृष्ठभागावर काटकोनात उभे आणि एकमेकांपासून समान अंतरावर असणे, याला पंखांचे संरेखन म्हणतात. मोटरचा एकूण आवेग 160 न्यूटन-सेकंदांहून अधिक असलेल्या हौशी रॉकेटांना उच्चशक्ती रॉकेट म्हटले जाते. त्यांचा वेग मोठा असतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने छोट्या रॉकेटात खपून जाणारी चूक येथे घातक ठरू शकते.

स्थैर्याचे तत्त्व. दिवाळीतल्या बाणाची काडी मोडली की तो आकाशात न जाता अंगणातच सैरावैरा धावतो. काडीच्या लांब शेपटामुळे हवेच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागे राहतो. बाण तिरका झालाच, तर हवा त्याची शेपटी मागे ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. मोठ्या रॉकेटात काडीचे काम पंख करतात. दाबमध्य हा गुरुत्वमध्याच्या मागे नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट अंतरावर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. दाबमध्य काढण्याची सोपी रीत जेम्स बॅरोमन यांनी 1966 मध्ये अमेरिकेतील हौशी रॉकेटकारांपुढे मांडली. या गणितात रॉकेट आसाभोवती सममित मानलेले असते. पंख वाकडे बसले की गणिताचा हा पायाच ढळतो.

चुकीचे प्रकार व परिणाम. 15 सेंमी लांबीच्या पंखात एक अंशाचा तिरकेपणा म्हणजे टोकाला जेमतेम 2.6 मिमीचा फरक. डोळ्यांना तो सहज दिसत नाही, उड्डाणात मात्र दिसतो.

(1) सर्व पंख एकाच फिरत्या दिशेने तिरके असतील, तर रॉकेट स्वतःभोवती गिरकी घेते. पंखांचा मध्य आसापासून 8 सेंमी दूर, वेग सेकंदाला 200 मी. आणि तिरकेपणा एक अंश धरला, तर गिरकी सेकंदाला सुमारे सात फेऱ्यांपर्यंत पोहोचते. शक्तीचा काही भाग या फिरण्यात जातो, उंची घटते आणि परतीच्या पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ पडण्याची भीती राहते.

(2) समोरासमोरचे दोन पंख एकाच बाजूला कलले, तर ते नावेच्या सुकाणूसारखे वागतात. रॉकेट फिरत नाही, पण त्याचा मार्ग कमानीसारखा वाकतो.

(3) चारांपैकी एकच पंख एक अंशाने वाकडा असेल, तर रॉकेट येणाऱ्या हवेशी अर्ध्या अंशाहून अधिक तिरके राहते आणि हळूहळू फिरतेही. फिरण्यामुळे तिरकेपणाची दिशा बदलत जाते व मार्ग मळसूत्रासारखा होतो. स्थैर्य जितके कमी, तितका त्याच चुकीतून होणारा तिरकेपणा जास्त.

(4) पंखांमधले अंतर थोडे कमीजास्त झाले, तर परिणाम तुलनेने सौम्य असतो. सरळ बसलेला पंख एक-दोन अंश बाजूला सरकलेला चालतो, तिरका बसलेला चालत नाही.

गिरकीचा वेग आणि रॉकेटच्या नैसर्गिक डोलण्याचा वेग जुळला, तर अनुस्पंदन होऊन डोलणे वाढत जाते. लांब, बारीक रॉकेटची नळी अशा वेळी मोडू शकते.

मुद्दाम दिलेला तिरकेपणा. वातावरणाच्या अभ्यासासाठी सोडल्या जाणाऱ्या रॉकेटांत पंख मोजून किंचित तिरके बसवतात. गिरकीमुळे मोटरच्या जोराचा तिरकेपणा सगळ्या दिशांना वाटला जातो. लष्करी रॉकेटांत पंखांच्या संरेखनाचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने घडवलेल्या पिनाक या 214 मिमी व्यासाच्या रॉकेट प्रणालीचा 1999 च्या कारगिल युद्धात वापर झाला. नळीतून सुटणाऱ्या अशा रॉकेटांचे पंख आत मिटलेले असतात आणि बाहेर पडताच उघडतात. उघडताना ते सर्व सारखेच बसणे हा अचूकतेचा प्रश्न असतो. मार्गदर्शित पिनाकाच्या 2017 मधील चाचण्यांपासून दिशा सुधारण्याचे काम पुढच्या बाजूच्या हलत्या पंखांकडे आले.

बांधणी. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे समान भाग पाडावेत. लोखंडी अँगल नळीवर टेकवून आसाला समांतर रेघा ओढाव्यात. नळीच्या भिंतीत खाच पाडून पंखाचे मूळ थेट मोटरच्या नळीपर्यंत न्यावे. इपॉक्सी सुकेपर्यंत जाड पुठ्ठ्याच्या साच्यात पंख धरून ठेवावेत. सुताराचा गुण्या आणि ओळंबा येथे उत्तम काम देतात. पातळ पंख वेगात फडफडून तुटतात, म्हणून सरळपणाबरोबर ताठरपणाही तपासावा.

स्थळ व परवानगी. उड्डाणाच्या जागेची उंचीही लक्षात घ्यावी. उदाहरणार्थ, बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. तेथे हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. त्यामुळे पंखांचा सरळ करणारा जोर आणि वाकड्या पंखाचा बिघडवणारा जोर दोन्ही सारखेच घटतात. तिरकेपणा तेवढाच राहतो. याचा अर्थ, उंचावरची विरळ हवा वाकड्या पंखाला माफ करत नाही. रॉकेट मोटरमधील स्फोटक द्रव्ये भारतात स्फोटक अधिनियम, 1884 आणि स्फोटक नियम, 2008 यांच्या कक्षेत येतात. हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. परवाना आणि जाणकाराची देखरेख यांवाचून विद्यार्थ्यांनी मोटर हाताळू नये. पंख मात्र कुणीही घरी बसून सरळ बसवायला शिकू शकतो, आणि शिक्षकांनी सुरुवात तेथूनच करावी. इपॉक्सी सुकल्यावर चूक दुरुस्त होत नाही; गुण्या त्याआधीच लावावा.