दाद कोणापाशीं मागावी?

सरकारी कचेरींत एखाद्याचा अर्ज महिनेच्या महिने निकालाविना पडून राहतो. लांच कोणी मागितलेली नसते, कायदाही उघडपणें मोडलेला नसतो; मग फिर्याद तरी कशाची करावयाची? न्यायालयाचें दार अशा माणसाला खर्चाचें वाटतें आणि कचेरीचें दार बंदच असतें. ह्या दोहोंमध्यें तिसरें दार उघडण्याचा मान स्वीडन देशाकडे जातो.

इ. स. १७०९ सालीं पोल्टाव्हाच्या रणांगणावर रशियाच्या पीटरनें स्वीडनच्या बाराव्या चार्ल्स राजाचा पराभव केला. राजानें तुर्की मुलुखांत आश्रय घेतला. धनी परदेशीं आणि अंमलदार स्वदेशीं, अशी स्थिति कित्येक वर्षें राहिली. तेव्हां १७१३ सालीं त्यानें तेथूनच आज्ञा काढून एक ‘ओम्बुड्समन’, म्हणजे आपला मुखत्यार, नेमला. न्यायाधीश व अंमलदार कायद्याप्रमाणें वागतात कीं नाहीं, हें त्यानें पाहावयाचें होतें. परंतु हा डोळा राजाचा होता, रयतेचा नव्हता.

तो रयतेचा होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. फिनलंडचा प्रदेश रशियानें जिंकल्यावर १८०९ सालीं चौथा गुस्ताव्ह अडॉल्फ पदच्युत झाला. नव्या राज्यघटनेनें रिक्सडाग ह्या प्रतिनिधिसभेस स्वतःचा ओम्बुड्समन निवडण्याचा अधिकार दिला, आणि १८१० सालीं लार्स ऑगस्टिन मॅनरहाइम हे त्या जागीं आले. नेमणूक राजाकडून सभेकडे गेली, एवढाच हा फरक. परंतु सारें मर्म त्यांतच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच पदरीं असलेला माणूस निःपक्षपातीपणें चौकशी कशी करणार?

स्वीडनमधील ह्या अधिकाऱ्यास चुकार अंमलदारावर खटला भरतां येई. डेन्मार्कनें १९५५ सालीं व न्यूझीलंडनें १९६२ सालीं ही संस्था उचलली, तेव्हां भर शिक्षेवर नव्हे तर चौकशीवर दिला. कागद मागवावे, मत नोंदवावें, शिफारस करावी. निर्णय मात्र स्वतः फिरवूं नये.

आपल्याकडे डॉ. लक्ष्मीमल सिंघवी ह्यांनीं १९६३ सालीं ‘लोकपाल’ हा शब्द रूढ केला. महाराष्ट्रानें १९७१ सालीं कायदा करून पुढच्याच वर्षीं लोकायुक्तांचें काम सुरू केलें. रिझर्व्ह बँकेनें १९९५ सालीं बँकांच्या ग्राहकांसाठीं तशीच योजना आणली. केंद्राचा लोकपाल कायदा मात्र २०१३ सालीं संमत झाला, आणि पहिली नेमणूक २०१९ सालीं झाली.

केवळ शिफारशीनें काय साधणार, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाहीं. शिफारस बासनांत बांधून ठेवणाऱ्या कचेरीपुढें हा अधिकारी दुबळाच ठरतो. तरीही त्यानें मागविलेल्या कागदावर कचेरीला विलंबाचें कारण लिहावें लागतें. अर्ज कदाचित् नामंजूरच होईल. पण तो कां नामंजूर झाला, हें विचारण्याचा हक्क एका सामान्य माणसाच्या वतीनें बजावला गेला. राजाला आपले अंमलदार काय करतात हें जाणण्याची जी निकड तुर्कस्तानांत भासली, तीच आज प्रत्येक अर्जदाराची आहे.