पोलीस ॲक्शन १९४८ : लढाई पाच दिवसांची, वाद पाऊणशे वर्षांचा

१७ सप्टेंबरला तीन राज्यांत झेंडावंदन होतं आणि तिन्हीकडे त्या दिवसाचं नाव वेगळं असतं. नांदेड, लातूर, धाराशिवकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बिदर, कलबुर्गी, रायचूरला कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात तर एकाच शहरात दोन नावं लागली. २०२२ साली राज्य सरकारने एकात्मता दिन म्हणून कार्यक्रम घेतला आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला. पुढे राज्यात सत्ता बदलली, तेव्हा २०२४ मध्ये प्रजा पालन दिन असं तिसरं नाव आलं.

मराठवाड्यात आणि बिदर भागात जुनी माणसं काळ सांगतात तो सुद्धा दोन प्रकारे. हिंदू घरात "रझाकारात आमचा वाडा जळाला" असं ऐकू येतं. मुसलमान घरात "पोलीस ॲक्शनमध्ये आजोबा गेले" असं सांगतात. मधे अंतर काही महिन्यांचंच. पण एका घरातली गोष्ट १३ सप्टेंबर १९४८ ला संपते आणि दुसऱ्या घरातली तिथून सुरू होते. हैदराबादवर सैन्य पाठवणं बरोबर होतं का, हा वाद समजून घ्यायचा तर या दोन्ही गोष्टी माहीत हव्यात.

सैन्य पाठवायची वेळ का आली

हैदराबाद हे देशातलं सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचं संस्थान. १९४१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६३ लाख लोक, १६ जिल्हे. तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त, मराठी साधारण चौथा हिस्सा, त्यानंतर कन्नड आणि उर्दू. प्रजेत शंभरात ८० च्या वर हिंदू, राज्य मात्र निजाम मीर उस्मान अली खान यांचं. ऑगस्ट १९४७ मध्ये निजाम भारतातही आले नाहीत आणि पाकिस्तानातही गेले नाहीत. २९ नोव्हेंबर १९४७ ला एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला.

तो करार कागदावर चालू असताना गावोगाव राज्य रझाकारांचं होत गेलं. इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या या खासगी फौजेने खंडण्या घेतल्या, गावं जाळली, माणसं मारली. मे १९४८ मध्ये आताच्या बसवकल्याण तालुक्यातल्या गोरटा गावात मोठं हत्याकांड झालं. तिथे मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगतात. सरहद्दीवरच्या शेकडो कुटुंबांनी घरदार सोडून सोलापूर, बार्शीकडचा रस्ता धरला. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीबाहेर कॅम्प उभारून सशस्त्र लढा चालवला. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते.

आणि मरणारे फक्त हिंदू नव्हते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावं असं उघड लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला. मुक्तिदिनाच्या भाषणांत त्यांचं नाव फार कमी येतं, हे जाता जाता नोंदवतो.

बाजूने आणि विरोधात

कारवाईच्या बाजूचं म्हणणं सरळ आहे. चारही बाजूंनी भारत आणि मधे हे संस्थान. वाटाघाटींची प्रत्येक फेरी निष्फळ गेली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने चोरटी शस्त्रं आणत होता. सरकारच रझाकारांच्या हातात गेलं असेल तर प्रजेने दाद कुणाकडे मागायची? अजून थांबलो असतो तर गावागावांत गोरटा झालं असतं, असं या बाजूचे लोक म्हणतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. सोलापूरला निर्वासितांचे लोंढे ज्यांनी पाहिले, त्यांना यात वाद घालण्यासारखं काही वाटत नव्हतं.

विरोधाचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. जैसे थे कराराची मुदत अजून संपली नव्हती. भारताने संस्थानची आर्थिक नाकेबंदी केली, अशी निजामाच्या सरकारची तक्रार होती. हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे अर्ज दिला होता. परिषद त्यावर बसली ती १६ सप्टेंबरला, म्हणजे फौजा आत शिरून तीन दिवस झाल्यावर. पुढे निजामानेच तो अर्ज मागे घेतला. 'पोलीस ॲक्शन' हे नाव याच संदर्भात बघायला हवं. रणगाडे, तोफा, विमानं वापरलेल्या मोहिमेला पोलिसी कारवाई म्हटलं की ती दोन देशांमधली लढाई राहत नाही, घरातला मामला होतो. लष्कराने आपल्या कागदात तिचं नाव 'ऑपरेशन पोलो' ठेवलं होतं.

या दोन बाजूंच्या मधे खुद्द पंतप्रधान नेहरू होते. सैन्य पाठवल्यास देशभर जातीय दंगली पेटतील, ही भीती त्यांना आधीपासून होती. सरदार पटेलांना अजून थांबणं धोक्याचं वाटत होतं. शेवटी पटेलांचं झालं. नेहरूंच्या भीतीप्रमाणे देशात दंगली काही झाल्या नाहीत. झाल्या त्या संस्थानच्या आतच.

१०९ तास

१३ सप्टेंबरला पहाटे ४ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. दुसरी मोठी फौज विजयवाड्याकडून आली, उत्तरेकडून वेगळ्या तुकड्यांनी औरंगाबाद, जालना घेतलं. १७ सप्टेंबरला संध्याकाळी ५ ला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. हिशेब केला तर १०९ तास. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती एल इद्रूस यांनी रीतसर शरणागती दिली. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी नंतर आपल्या पुस्तकात मृतांचा आकडा ८०० च्या थोडा वर दिला.

हा आकडा लढाईपुरता आहे. बहुतेक भाषणं इथेच थांबतात.

त्यानंतरचे आठवडे

सैन्य हमरस्त्याने हैदराबादकडे गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांत त्या वेळी सरकार म्हणून काही उरलंच नव्हतं. निजामाचे पोलीस पळाले होते किंवा पकडले गेले होते. शस्त्रधारी रझाकारही पसार झाले होते. गावात उरले ते मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, शेतमजूर, छोटे दुकानदार. यातले कितीतरी जण रझाकारांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसतील. वर्षभराचा सूड त्यांच्यावर निघाला.

तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या. नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी संस्थान खात्याला लिहिलं की या बातम्यांत थोडंही तथ्य असेल तर परिस्थिती आपल्याला सांगितली गेली त्यापेक्षा खूप वाईट आहे. मग पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे हैदराबादला आले. तीनेक आठवड्यांत ते १६ पैकी ९ जिल्हे फिरले आणि शंभरावर गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी बोलले. कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज आहे.

जिल्हावार माहिती मराठी वाचकाने मुद्दाम बघावी. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. तिथे मिळून १८ हजारांच्या आसपास. त्यानंतर औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक, किमान ५ हजार. या आठांपैकी चार जिल्हे मराठी. रझवीचं लातूर तर कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ. तिथे वीस दिवसांहून जास्त मारामारी चालली. साधारण १० हजार मुसलमान वस्तीपैकी समितीला जेमतेम ३ हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले होते. बायका पळवणं, सक्तीचं धर्मांतर, घरं आणि शेतं बळकावणं, याही नोंदी अहवालात आहेत.

अहवाल एकतर्फी आहे असं म्हणतात, पण त्यात चांगल्याची नोंदही आहे. अनेक ठिकाणी लष्कराच्या अधिकाऱ्यांनी शिस्त राखली आणि मुसलमानांना संरक्षण दिलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याचं उदाहरणही दिलं आहे. आणि मग अवघड भाग येतो. काही ठिकाणी सैनिकांनी जमावाला लुटीला चिथावलं, स्वतः लूट केली आणि काही जागी पुरुषांना बाहेर काढून मारलं, असंही अहवालात नोंदलं आहे. मारणाऱ्यांत सोलापूर आणि इतर गावांतून आलेली शस्त्रधारी माणसं होती, असंही त्यात म्हटलंय. ज्या सोलापूरने निर्वासितांना आसरा दिला, तेच हे सोलापूर.

खाती दोन आहेत

वाद अडकतो तो इथे. मुक्तिदिन मानणारा माणूस या मृत्यूंचा विषय निघाला की लगेच रझाकारांचे अत्याचार सांगतो. उलट बाजूचा माणूस २७ ते ४० हजारांचा आकडा दाखवून सगळी कारवाईच आक्रमण ठरवतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला ही पद्धत एका खात्याचं येणं दुसऱ्या खात्याच्या देण्यातून वळतं करण्यासारखी वाटते. गोरट्याच्या लोकांचं येणं रझाकारांकडे होतं. ते लातूरच्या पिंजाऱ्याकडून वसूल होऊ शकत नाही.

माझ्या समजुतीने सैन्य पाठवायचा निर्णय टिकतो. रझाकारांना थांबवायला दुसरी कुठलीही शक्ती शिल्लक नव्हती आणि ज्या प्रजेसाठी कारवाई झाली तिच्यातल्या फार मोठ्या भागाला ती हवी होती. पण निर्णय बरोबर होता म्हणून १८ सप्टेंबरपासूनच्या मृत्यूंचा जाब सुटत नाही. त्या दिवसापासून संस्थानात लष्करी गव्हर्नरची राजवट होती. जनरल चौधरींच्या हाताखाली द. श. बखले मुलकी कारभार बघत होते. म्हणजे प्रत्येक खेड्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी भारत सरकारकडे आली होती. आणि जातीय हिंसा होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं असंही नाही. पंतप्रधानांना हीच भीती होती. मुसलमानांची शस्त्रं काढून घेतली, हिंदूंकडची बऱ्याच ठिकाणी राहू दिली, अशा नोंदी आहेत. ती राहू देणं हा लढाईचा अपरिहार्य भाग नव्हता.

शिक्षा कुणाला झाली तेही बघा. रझवीवर खटला चालला, तो तुरुंगात गेला, १९५७ साली सुटून पाकिस्तानात निघून गेला. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून १९५० मध्ये पळाले. निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख होते, मानमरातबासह.

अहवाल कुठे गेला

सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांनी या तिघांना सरकारी मंडळ मानायलाच नकार दिला आणि रझाकारांनी जे केलं त्याकडे त्यांनी काणाडोळा केल्याचा ठपका ठेवला. आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं नाही. समितीने घरोघर मोजणी केलेली नाही. ९ जिल्हे पाहून १६ जिल्ह्यांचा अंदाज बांधला आहे. म्हणून तर २७ आणि ४० मध्ये एवढं अंतर आहे. पण सरकारने त्याहून चांगली मोजणी करून दाखवली, असंही झालं नाही. रिकाम्या जागेत मग आकडे वाढत गेले. विल्फ्रेड कॅंटवेल स्मिथ या अभ्यासकाने १९५० मध्ये जाणकारांचा अंदाज ५० हजारांपर्यंत जातो असं लिहिलं. कुणी लाख, दोन लाख म्हणू लागलं.

अहवालाचा मजकूर अभ्यासकांमार्फत हळूहळू बाहेर आला. उमर खालिदी यांनी १९८८ च्या पुस्तकात तो छापला, ए. जी. नूरानी यांनी २०१३ च्या पुस्तकात. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो बघायला मिळू लागला. मराठीत अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक लढ्याची बाजू सविस्तर सांगतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

वाचताना एक अडचण येईल ती आधीच सांगून ठेवतो. अहवालातले जिल्हे आजचे नाहीत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. जालना औरंगाबादेत, हिंगोली परभणीत. सगळ्यात गुंतागुंत बिदरची. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूरमध्ये राहिले. तेव्हा समितीने 'बिदर' लिहून जो आकडा दिला, त्यातली गावं शोधायची तर आज तीन राज्यांतल्या तहसील कचेऱ्यांत जावं लागतं आणि कागद उर्दू, मराठी, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांत वाचावे लागतात.