हॉस्पिटलातली ती खोली

आमच्या एका काकांना पक्षाघात झाला आणि पुढची अकरा वर्षं ते अंथरुणावरच होते. काकूनं त्यांचं सगळं अगदी निगुतीनं केलं. पाहुण्यांबरोबर चहा व्हायचा तेव्हा तीच सांगायची, "त्यांना अर्धा कप." काकांना बोलता येत होतं. पण त्यांना कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परवा एड रॉबर्ट्सबद्दल वाचताना तो अर्धा कप आठवला.

कॅलिफोर्नियातला हा मुलगा. १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. रात्री श्वासासाठी 'आयर्न लंग' नावाच्या पिंपासारख्या यंत्रात झोपावं लागे. हा कधी नोकरी करू शकणार नाही, असा शेरा राज्याच्या पुनर्वसन खात्यानं मारला. तरी १९६२ मध्ये त्यानं बर्कली विद्यापीठात प्रवेश मिळवलाच. ते अवजड यंत्र वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून आवारातल्या कॉवेल हॉस्पिटलात जागा मिळाली. एडनं अट घातली, ही खोली वसतिगृहाचीच मानायची. म्हणजे तो तिथे विद्यार्थी म्हणून राहणार, पेशंट म्हणून नाही.

त्याच्यामागून तशीच आणखी मुलं आली. गटाचं नाव 'रोलिंग क्वाड्स'! त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभं राहिलं. कामं साधीच. मदतनीस मिळवून देणं, घर शोधणं, व्हीलचेअर दुरुस्त करणं. पण मदतनीस कोण हवा, त्यानं कधी यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. १९७५ मध्ये एड त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. १९९५ मध्ये तो गेला.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाजात राहण्याचा हक्क आहे, घरी मदत मिळण्याचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात मदतनीस म्हणजे बहुतेक घरांत आई, बायको किंवा सून. काकूला अकरा वर्षांत एक दिवस सुट्टी मिळाली नाही. तिला दोष कसा देणार? पगारी मदतनीस असता तर तिलाही मोकळा श्वास मिळाला असता, आणि काकांनाही हुकूम सोडायला कुणीतरी मिळालं असतं.

असो. कायदा घरात पोचेल तेव्हा पोचेल. ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी उद्या सकाळी एवढंच विचारून बघा... आधी चहा की आधी आंघोळ?