भेगाळणारी माती आणि कचऱ्याचं पाणी

एप्रिलमध्ये राणीसावरगावच्या शिवारात चालून बघा. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटतात. हे काम मॉन्टमोरिलोनाइटचं. भिजलं की फुगणारं, वाळलं की आकसणारं खनिज. जुन्या माणसांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण माळवदावर काळी नाही, पांढरी माती टाकायची हे पक्कं ठाऊक होतं.

कचऱ्यातून झिरपणारं पाणी, म्हणजे लीचेट, अडवायला जगभर चिकणमातीच वापरली गेली. अमेरिकेत लव्ह कॅनॉलला १९४२ ते १९५३ दरम्यान हूकर कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा चिकणमातीतल्या खड्ड्यात पुरला. पुढे बांधकामात वरचं मातीचं झाकण फुटलं, पावसाचं पाणी शिरलं, खड्डा टाकीसारखा भरला आणि रसायनं लोकांच्या तळघरांत पोचली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली.

खरा धक्का त्यानंतरचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये ब्राउन आणि अँडरसन यांनी दाबलेल्या मातीतून झायलीनसारखे द्रावक सोडले. पाण्याला दाद न देणारी माती आकसली, भेगाळली, आणि तिची पारगम्यता शेकडो पटींनी वाढली. मात्र ते शुद्ध द्रावक होते. लीचेट बहुतांशी पाणीच असतं. प्रस्तावना लिहिताना हा फरक गाळू नका!

उपाय आधीच सापडलेला होता, पण भलत्याच कामासाठी. १९४९ मध्ये जॉर्डनने बेंटोनाइटमधले सोडियम आयन काढून तिथे लांब साखळीचे अमोनियम आयन बसवले होते. ती तेलस्नेही माती रंगात, ग्रीसमध्ये गेली. लीचेटमधलं बेंझीन धरायला ती वापरावी हे फार उशिरा सुचलं. अडचण एकच, ती पाण्यात फुगत नाही. म्हणून साध्या बेंटोनाइटमध्ये मिसळावी लागते.

आपल्याकडे देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, तळाशी अस्तर न घालता. नियम आला तो २००० साली: १.५ मिमी एचडीपीईखाली ९० सेंमी चिकणमाती किंवा सुधारित माती, पारगम्यता सेकंदाला सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नको. जलउतार एक धरला तर वर्षाला जेमतेम ३ सेंमी. पण हा आकडा बहुधा स्वच्छ पाण्याने, भिजवलेल्या नमुन्यावर मोजतात. अस्तर घालून महिनाभर उघडं राहिलं आणि तो महिना आपला एप्रिल असला, तर काय मोजायचं?