किंग हेन्रीज रोडवरचा रुपया

लंडनच्या कॅमडेन भागात १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठीच्या प्रबंधाचा त्यांचा विषय होता रुपया. १८९३मध्ये सरकारी टांकसाळींनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे थांबवले. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला गेला. अर्थतज्ज्ञ केन्ससारख्यांना रुपयाला पौंडामार्फत सोन्याशी जोडणारी ही सुवर्ण विनिमय पद्धत पसंत होती. आंबेडकरांचा आक्षेप नेमका होता: तीत रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा नाही. नाणी वाढून रुपया घसरला की निर्यातदाराचे फावते खरे, पण मजुरी महागाईच्या मागेच राहते; नफा येतो तो मजुराच्या ताटातून. हा प्रबंध १९२३मध्ये पुस्तकरूपाने निघाला. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये किंग हेन्रीज रोडवरचे ते घर विकत घेतले. तिथे संग्रहालय करण्याची परवानगी कॅमडेन कौन्सिलने नाकारली. २०२०मध्ये ती ब्रिटिश मंत्र्यांनी दिली.