रोलर कोस्टर : धक्के व सुखावहता यांविषयीचा वाद

रोलर कोस्टर : करमणूक उद्यानांतील तीव्र चढउतार व वळणे असलेल्या उंच रुळांवरून धावणारी व बहुधा केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर चालणारी गाडी. साखळीच्या साहाय्याने गाडी पहिल्या टेकाडावर नेली जाते व तेथून पुढील सर्व प्रवास तिला मिळालेल्या स्थितिज ऊर्जेवर होतो. या गाडीत बसणाऱ्यास भीतीचा अनुभव हवा असतो, पण इजा नको असते. त्यामुळे गाडीने प्रवाशास किती व कोणत्या प्रकारे हिसडावे, हा प्रश्न तिच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. हौशी मंडळींच्या चर्चेत दोन गोष्टी वरचेवर एकमेकींत मिसळतात. एक, आखणीकाराने योजलेला जोर : टेकाडावर प्रवासी आसनावरून उचलला जाणे, वळणावर बाजूला फेकला जाणे इत्यादी. दुसरी, कोणी न योजलेली थरथर व आदळआपट : झिजलेला रूळ, सैल झालेली चाके किंवा चुकीच्या वक्रतेमुळे बसणारे ठोसे. पहिलीला उत्कटता व दुसरीला खडबडीतपणा म्हणता येईल. परंतु त्यांची सीमारेषा कोठे आखावी याबाबत एकमत नाही.

या वाहनाचे मूळ रशियात आहे. तेथे हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फाचा थर जमवून उंच घसरगुंड्या उभारीत. फ्रान्समध्ये हा खेळ चाकांवर आला. 1817 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या अशा दोन घसरमार्गांत चाके रुळाबाहेर जाऊ नयेत अशी व्यवस्था होती. अनेक यूरोपीय भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन टेकड्या’ याच अर्थाचा शब्द आहे. अमेरिकेत 1884 मध्ये ला मार्कस ॲडना टॉम्पसन यांनी न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे पाच सेंट भाड्याची गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सु. 10 किमी. इतकाच होता. धक्क्याची तक्रार करावी असे तिच्यात फारसे काही नव्हते.

खरा प्रश्न उभा राहिला तो उभ्या वळशामुळे. 1895 मध्ये कोनी आयलंडच्याच सी लायन पार्कमध्ये लीना बीचर यांचा ‘फ्लिप फ्लॅप’ सुरू झाला. त्याचा वळसा जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार व सु. 7.5 मी. व्यासाचा होता. गाडी सरळ रुळावरून एकदम वर्तुळात शिरे, त्यामुळे प्रवाशांच्या माना लचकत. प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या सु. बारापट भार येत असे, असे सांगितले जाते. या आकड्याबाबत दुमत असले, तरी दोष कोठे होता हे साध्या गणितानेही दिसते. घर्षण नसलेल्या वर्तुळाकार वळशातून गाडी जेमतेम पार व्हावयाची झाली, तर तळाशी प्रवाशावर वजनाच्या सहापट भार येतोच. वेग त्याहून अधिक असल्यास भारही वाढतो. शिवाय तो क्रमाक्रमाने न येता एका क्षणात येतो. भार एकाएकी बदलला की मानेच्या स्नायूंना सावरण्यास वेळच मिळत नाही; म्हणून भाराइतकेच महत्त्व भारातील बदलाच्या दरालाही असते. एडविन प्रेस्कॉट यांनी 1901 मध्ये लंबवर्तुळाकार वळसा बांधून बरीच सुधारणा केली. मात्र त्यांच्या गाड्यांत थोडेच प्रवासी मावत, आणि बसण्यापेक्षा पाहण्यासाठी पैसे देणारेच अधिक येत. हा व्यवसाय टिकला नाही व पुढे अनेक दशके उभा वळसा मागे पडला.

यानंतरचा मोठा बदल रुळाखाली घडला. जॉन मिलर यांनी गाडीस रुळाच्या खालच्या बाजूनेही चाक बसविण्याच्या योजनेचे एकस्व 1919 मध्ये मिळविले. त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती संपली. परंतु गाडी सुरक्षित झाली म्हणून प्रवास सौम्य झाला नाही. उलट, आता उतार अधिक उभे व वळणे अधिक आवळ करता येऊ लागली. सुरक्षिततेसाठी किंवा सुखासाठी झालेली सुधारणा अखेर अधिक जोर निर्माण करण्याच्या कामी यावी, हा या इतिहासातील वारंवार दिसणारा क्रम आहे. त्याचे टोक म्हणजे हॅरी ट्रॅव्हर यांनी कॅनडातील क्रिस्टल बीच येथे 1927 मध्ये बांधलेला ‘सायक्लोन’. त्याच्या स्थानकावर परिचारिका नेमलेली असे. ही तजवीज उपचारासाठी होती तितकीच जाहिरातीसाठीही असावी. लोक पाहावयास गर्दी करीत, बसणारे मात्र कमी होत गेले. 1946 मध्ये तो बंद झाला. त्याच्या पोलादाचा काही भाग वापरून 1948 मध्ये त्याच ठिकाणी उभारलेला ‘कॉमेट’ मात्र लोकप्रिय ठरला. कोनी आयलंडचा 1927 मधीलच दुसरा ‘सायक्लोन’ अधिक समतोल असल्याने टिकला. 1988 मध्ये त्यास न्यूयॉर्क शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

1929 नंतरची मंदी व दुसरे महायुद्ध या काळात असंख्य लाकडी कोस्टर पाडले गेले. पुनरुज्जीवन झाले ते पोलादाच्या साहाय्याने. 1959 मध्ये डिझ्नीलँडमधील ‘मॅटरहॉर्न’ या कोस्टरसाठी ॲरो डेव्हलपमेंट या संस्थेने नळीच्या आकाराचे पोलादी रूळ वापरले. अशी नळी कोणत्याही दिशेने वाकविता येते व हवामानानुसार लाकडासारखी फुगत किंवा आक्रसत नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक मौंटन उद्यानात आंटोन श्वार्त्सकोफ यांनी ‘रेव्होल्यूशन’ उभारला. त्याच्या उभ्या वळशाची आखणी व्हेर्नर श्टेंगेल या अभियंत्याची होती. त्यात वर्तुळाऐवजी क्लोथॉइड हा वक्र योजिला होता. त्याची वक्रता तळाशी अल्प असून माथ्याकडे क्रमाने वाढत जाते. परिणामी तळाशी, जेथे वेग सर्वाधिक असतो तेथे, त्रिज्या मोठी राहते आणि भार हळूहळू चढतो. फ्लिप फ्लॅपचा प्रश्न अशा रीतीने ऐंशी वर्षांनी सुटला.

याच गाडीने पुढे वादाला नवा विषय दिला. प्रारंभी तीत प्रवाशाच्या मांड्यांवर येणारा दांडा एवढाच अडसर होता. 1990 नंतरच्या दशकात त्याजागी खांद्यांवरून येणारे कठीण अडसर बसविण्यात आले. रूळ तेच, वळणे तीच. तरीही कान व जबडा अडसरावर आपटू लागल्याने हा कोस्टर खडबडीत झाल्याची तक्रार सुरू झाली. 2016 मध्ये मांड्यांवरील दांडे परत आले व ती बरीचशी मावळली. खडबडीतपणा हा केवळ रुळाचा गुण नसून रूळ, चाक, आसन व अडसर यांच्या परस्परसंबंधाचा परिणाम आहे, हे दाखविणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हौशी मंडळींचे मत संघटितपणे व्यक्त होऊ लागले ते ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स’ या 1978 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमुळे. अभिजात लाकडी कोस्टरांना मानांकन देताना तिने ठेवलेल्या कसोट्या उद्बोधक आहेत : आसनाच्या मध्ये दुभाजक नसावा, मागे डोके टेकण्याची गादी नसावी आणि प्रवाशास बाकावर इकडून तिकडे सरकता यावे. उद्यानचालकास जी गैरसोय वाटेल, ती येथे गुण म्हणून नोंदली आहे. पेनसिल्व्हेनियातील केनीवूड उद्यानाच्या ‘थंडरबोल्ट’मध्ये वळणावर प्रवासी बाजूला इतके फेकले जातात की, एकट्यास बसू न देण्याची तेथील प्रथा प्रसिद्ध आहे. शेजाऱ्यावर आदळणे हाच त्यातील आनंद होय.

लाकडी रुळावर धक्के का बसतात हे समजणे अवघड नाही. रूळ म्हणजे फळ्यांचे एकावर एक चढविलेले थर व त्यांवर पोलादी पट्टी. पावसाने व उन्हाने लाकूड हलते, बोल्ट सैल होतात, दोन रुळांतील अंतर जागोजागी बदलते. म्हणून चाकांना थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि त्या मोकळिकीत गाडी डावी-उजवीकडे ठोकरत जाते. तीन बाकांचा लांब डबा आवळ वळणावर नीट वळत नाही व रुळास घासतो. जाणकार म्हणूनच आसांच्या वरचे बाक टाळून मधले बाक निवडतात; शेवटच्या डब्यात माथ्यावरून खेचले जाण्याची मौज अधिक, पण धक्केही अधिक.

1988 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर बॉलिजर व क्लोद माबियार यांनी स्थापिलेल्या संस्थेचे पोलादी कोस्टर गुळगुळीत प्रवासाचा मानदंड ठरले. महाराष्ट्रात खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात 2013 मध्ये सुरू झालेला ‘नायट्रो’ हा याच संस्थेचा. परंतु हौशींपैकी काहींनी अशा गाड्यांवर अतिसौम्यतेचा आक्षेप घेतला. तो सर्वस्वी लहरी नाही : गाडी थरथरत नाही तेव्हा वेगाची जाणीवही कमी होते.

वादाला खरी धार आली ती 1990 नंतर उभारलेल्या अजस्र लाकडी कोस्टरांमुळे. टेक्सासचा ‘टेक्सास जायंट’ (1990), ओहायओतील सु. 49 मी. उंचीचा ‘मीन स्ट्रीक’ (1991) व फ्लॉरिडातील ‘ग्वाझी’ (1999) काही वर्षांतच इतके खिळखिळे झाले की, प्रवासी पाठ फिरवू लागले. ओहायओतीलच ‘सन ऑफ बीस्ट’ (2000) सु. 66 मी. उंच होता. 2006 मध्ये त्याचे एक लाकूड मोडून रुळास खळगा पडला व 27 प्रवासी जखमी झाले. 2009 मध्ये तो बंद पडला आणि 2012 मध्ये पाडण्यात आला. बाकीच्यांना आयडाहोतील रॉकी मौंटन कन्स्ट्रक्शन या संस्थेने नवे रूप दिले. लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून वर पोलादी रूळ चढविलेले हे कोस्टर 2011, 2018 व 2022 मध्ये अनुक्रमे सुरू झाले. जपानमधील नागाशिमा स्पा लँडचा ‘व्हाइट सायक्लोन’ही 2019 मध्ये याच मार्गाने गेला. ते गुळगुळीत आहेत, पण सौम्य मुळीच नाहीत. बहुसंख्य हौशींनी त्यांचे स्वागत केले; जुन्या मताच्या लोकांना मात्र प्रत्येक रूपांतरात एक लाकडी कोस्टर कायमचा गेल्याचे दुःख झाले. दुरुस्तीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करून मग लाकडास दोष देणे अन्यायाचे आहे, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

वैद्यकीय बाजूही उपेक्षणीय नाही. अशा प्रवासानंतर मेंदूत रक्तस्राव झाल्याची किंवा मानेतील रोहिणीस इजा झाल्याची तुरळक उदाहरणे वैद्यक नियतकालिकांत नोंदलेली आहेत. डग्लस स्मिथ व डेव्हिड मीनी यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र डोक्याचे प्रवेग मेंदूस इजा होण्याच्या मर्यादेहून बरेच खाली असल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकी व यूरोपीय मानकांत आता प्रवेगाची मर्यादा त्याच्या कालावधीसह ठरविलेली असते. ही मानके इजा टाळतात. सुखावहता ठरविणे त्यांच्या कक्षेत येत नाही.

लाकूड न सोडता धक्के कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. स्वीडनमधील ‘बाल्डर’ (2003) व न्यू जर्सीतील ‘एल तोरो’ (2006) यांचे रूळ कारखान्यात अचूक कापून आणलेल्या लाकडाचे आहेत. तथापि 2022 मध्ये एल तोरोवर बसलेल्या जबर धक्क्याने 14 जण जखमी झाले व गाडी काही काळ बंद ठेवावी लागली. अचूक कापलेल्या लाकडासही देखभाल चुकत नाही. अन्यत्र एकेका बाकाचे छोटे जोडडबे वापरण्यात येतात. ते वळणावर सहज वळतात. पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथील 1902 चा ‘लीप द डिप्स’ मात्र जुन्याच स्वरूपात जतन केलेला आहे. 1985 मध्ये बंद पडलेला हा कोस्टर 1996 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाला व 1999 मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करण्यात आला. त्यास रुळाखालची चाके नाहीत. त्याचा वेग ताशी सु. 16 किमी. असे, आणि तेवढ्या वेगातही त्याचे डबे प्रत्येक उंचवट्यावर प्रवाशास खणखणीत दणका देत.